गुणवत्ता मोजायची कोणत्या मापाने?

दहावीचा निकाल लागला, की शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एक निराळाच ऋतू सुरू होतो. पावसाची वाट पाहावी तशी अकरावीच्या पहिल्या यादीची वाट पाहिली जाते. पेढे वाटून होतात न होतात तोच घरातील वडीलधारी मंडळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसतात. अमुक महाविद्यालयाची विज्ञान शाखेची यादी गेल्या वर्षी कितीवर थांबली होती, यंदा निकाल चढला की उतरला, केंद्रीय मंडळाच्या मुलांना किती गुण पडले, याची खलबते रात्री उशिरापर्यंत चालतात. मग एके दिवशी यादी लागते. ९४.२० टक्के मिळवलेली मुलगी आत आणि ९४ टक्के मिळवलेली तिची मैत्रीण बाहेर. पाचशेपैकी अवघ्या एका गुणाचे हे अंतर. एका उत्तरपत्रिकेतील एका उत्तराला एका परीक्षकाने अर्धा गुण अधिक दिला की उणा, एवढ्यावरही ते ठरलेले असू शकते. यादीला मात्र त्याची फिकीर नसते. ती एकीला गुणवंत ठरवते आणि दुसरीला पुढच्या फेरीकडे ढकलते.

या एका गुणाला आपण ‘गुणवत्ता’ म्हणतो. त्या शब्दाभोवती गेली काही दशके महाराष्ट्रात जेवढे वाद झाले, जेवढे शासन निर्णय निघाले आणि न्यायालयांत जेवढे रद्द झाले, त्यांचा नुसता आढावा घेतला तरी एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक सरकारने, प्रत्येक शिक्षणमंत्र्याने आणि प्रत्येक पालक संघटनेने बिनचूक मापाचा शोध घेतला. तसे माप कोणालाच सापडले नाही, सापडणारही नाही. पण त्या शोधाच्या धांदलीत न्याय्य प्रवेशाची जी साधी पथ्ये सहज पाळता आली असती, तीच पाळायची राहून गेली.

ही कहाणी २००८ पासून सांगणे सोयीचे. मुंबईत तेव्हा असंतोष खदखदत होता. आयसीएसई आणि सीबीएसईच्या विद्यार्थ्यांना भरघोस गुण पडतात, राज्य मंडळाच्या मुलांना तितके पडत नाहीत आणि त्यामुळे नामांकित महाविद्यालयांतील जागा ‘त्या’ मुलांकडे जातात, अशी तक्रार होती. ती निव्वळ गुणांपुरती नव्हती. एका बाजूला महागड्या इंग्रजी शाळा आणि दुसऱ्या बाजूला गिरगाव, दादर, परळपासून डोंबिवलीपर्यंतच्या मराठी शाळा, असा सामाजिक दुभंग तिच्या तळाशी होता. सरकारने त्यावर ‘पर्सेंटाइल’चा तोडगा काढला. विद्यार्थ्याचे गुण त्याच्या मंडळातील अव्वल विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताडून पाहायचे आणि त्यानुसार सर्वांना एका पट्टीवर आणायचे, असे त्याचे स्वरूप होते. पालक न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने हे सूत्र रद्द केले.

पुढच्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, सरकारने सूत्रांचा नाद सोडला आणि सरळ कोटा जाहीर केला. ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना आणि १० टक्के इतरांना. केवळ परीक्षा मंडळ वेगळे म्हणून मुलांत असा भेद करता येत नाही, या मुद्द्यावर जुलै २००९ मध्ये तोही निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही. तिसऱ्या वर्षी ‘बेस्ट फाइव्ह’ आले. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने सहा विषयांपैकी ज्या पाच विषयांत सर्वाधिक गुण मिळवले असतील तेवढेच धरायचे. जून २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. तीन वर्षांत तीन सूत्रे! दहावीची मुले मात्र दरवर्षी नवी होती आणि दरवर्षी तीच धास्ती त्यांच्या वाट्याला येत होती.

या तीन निर्णयांपैकी कोणता अधिक शास्त्रीय होता, यावर आजही वाद घालता येईल. परंतु खरा अन्याय वेगळाच होता. परीक्षा देताना विद्यार्थ्याला एक नियम ठाऊक होता आणि प्रवेशाच्या रांगेत उभे राहिल्यावर त्याला दुसराच सांगण्यात आला. ९०:१० चा निर्णय निघाला तो जून २००९ मध्ये, परीक्षा होऊन गेल्यावर. शर्यत संपल्यावर अंतिम रेषा हलवावी, तसा हा प्रकार. ज्यांच्या पालकांना वकील परवडतो त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. बाकीची हजारो मुले जुलै-ऑगस्टपर्यंत घरी बसून राहिली. त्यात खेड्यांतून नातेवाइकांकडे राहायला आलेली मुले होती, तशी पहिली यादी लांबली म्हणून घाबरून मिळेल तिथे पैसे भरून नाव घालणारीही होती. न्यायालयीन लढाईत कोण जिंकले याची नोंद कागदोपत्री राहते. त्या दिरंगाईत कोण हरले याची नोंद कुठेच राहत नाही.

सरकारी नोकरभरतीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले, की निवड प्रक्रिया सुरू झाल्यावर, आधीच्या नियमांनीच तशी मुभा ठेवलेली नसेल, तर खेळाचे नियम मध्येच बदलता येत नाहीत. नोकरी मागणाऱ्या प्रौढाला जे संरक्षण आहे, ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला का नसावे? कायद्याचा काथ्याकूट बाजूला ठेवला तरी साध्या सचोटीचा हा प्रश्न आहे.

माप डळमळीत असते तेव्हा काय होते, याचा पुढचा धडा २०१९ ने दिला. त्या वर्षी राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बंद केले होते. शाळांकडून हे गुण सढळ हाताने वाटले जातात, हा आक्षेप खोटा नव्हता. परिणामी २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर घसरला. मुले एका वर्षात एवढी मठ्ठ झाली होती काय? अर्थातच नाही. फूटपट्टी तेवढी बदलली होती. पण सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांच्या अंतर्गत गुणांना कोणी हात लावला नव्हता आणि प्रवेशाची रांग मात्र सर्वांची एकच होती. ओरड झाली, अंतर्गत गुण पुन्हा आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. तीन लागोपाठच्या वर्षांत ७७, ९५ आणि जवळजवळ १०० टक्के! सोन्याचा तराजू दर वर्षी असा हलू लागला, तर सराफ कट्ट्यावर त्या पेढीची पायरी कोणी चढणार नाही. मुलांच्या भवितव्याच्या तराजूला मात्र आपण निमूट मान तुकवतो.

मग सरळ सर्वांची एकच प्रवेश परीक्षा का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे आणि तो वारंवार विचारला जातो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने हाच मार्ग धरला. २८ मेच्या शासन निर्णयाने अकरावीसाठी सामायिक प्रवेश परीक्षा जाहीर झाली. ती ऐच्छिक होती, पण देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य होते, म्हणजे ऐच्छिकपणा नावापुरताच. परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली होती आणि इतर मंडळांच्या मुलांची हरकत तिथेच होती. २१ ऑगस्टला ती व्हायची होती आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने शासन निर्णय रद्द केला. अशी परीक्षा लादण्याच्या सरकारच्या अधिकारावर न्यायालयाने बोट ठेवले, तसेच साथीच्या काळात लाखो मुलांना परीक्षा केंद्रांवर आणण्यातील धोक्यावरही. घोषणा आणि निकाल यांच्या दरम्यान अडीच महिने मुले दहावीचीच पुस्तके पुन्हा घोकत बसली होती. ती मेहनत पाण्यात गेली.

प्रवेश परीक्षेने गुणांची भाववाढ थांबते, हे खरे. दिल्ली विद्यापीठात २०२१ मध्ये काही अभ्यासक्रमांची पहिली यादी १०० टक्क्यांवर लागली, केरळच्या मंडळातून आलेल्या शंभर नंबरी विद्यार्थ्यांवरून नको ते वाद पेटले आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सामायिक परीक्षा आली. पण त्या परीक्षेचाही पहिल्या वर्षीचा निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला. शिवाय लाखो विद्यार्थी एकाच वेळी संगणकासमोर बसू शकत नाहीत. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या सत्रांत, निरनिराळ्या प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात. मग कोणाची प्रश्नपत्रिका सोपी आणि कोणाची अवघड, याचा मेळ घालण्यासाठी पुन्हा सांख्यिकी सूत्र आलेच. आपल्याकडे अभियांत्रिकीसाठी होणाऱ्या सीईटीचा निकालही पर्सेंटाइलमध्येच लागतो. जो पर्सेंटाइल २००८ मध्ये मुख्य दाराने आला म्हणून हाकलला गेला, तो मागच्या दाराने घरात येऊन आता चांगला रुळला आहे.

तो रुळला कसा, हे पाहण्यासारखे आहे. आजच्या पर्सेंटाइलच्या गणितात त्रुटी नाहीत असे नव्हे. पण परीक्षेला बसण्यापूर्वी तो नियम प्रत्येकाला ठाऊक असतो, तो सर्वांना सारखाच लागू होतो आणि निकालानंतर बदलत नाही. म्हणून कुरकुर होत असली तरी तो मान्य होतो. माप थोडे ओबडधोबड असले तरी समाज ते सोसतो. मागाहून बदललेले माप, कितीही नाजूक असले तरी, तो सोसत नाही. न्यायाची जाण शास्त्रापेक्षा विश्वासावर अधिक उभी असते, ती अशी.

दोन मापांची गोळाबेरीज करून मधला मार्ग काढण्याचा प्रयोगही देशात होऊन गेला आहे. २०१३ ते २०१६ या काळात अभियांत्रिकीच्या ‘जेईई मेन’च्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षणाला पुन्हा प्रतिष्ठा मिळावी, मुलांनी वर्ग सोडून केवळ शिकवण्यांच्या मागे धावू नये, हा हेतू उदात्त होता. पण देशभरातील मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्यात नाकीनऊ आले, निकालांची वाट पाहण्यात वेळ गेला आणि शिकवणीवर्ग काही ओस पडले नाहीत. त्यांनी परीक्षेसोबत बारावीचीही तयारी करून द्यायला सुरुवात केली एवढेच. २०१७ पासून हा भार काढून टाकण्यात आला.

येथे मूळ प्रश्नाला भिडावे लागते. बारावीचे गुण घ्या की प्रवेश परीक्षेचे, दोन्ही मापे मोजतात तरी काय? मुलाची बुद्धी आणि कष्ट तर त्यांत असतातच. पण त्यांत शाळेचा दर्जा, घरातील पुस्तके, अभ्यासाची निवांत जागा, शिकवणीची फी आणि आई-वडिलांचे शिक्षण हेही मिसळलेले असते. दुधातले पाणी वेगळे काढता येत नाही, तसे एका टक्केवारीतून हे घटक वेगळे काढता येत नाहीत. नील ऑरेलिओ न्यून्स खटल्याच्या जानेवारी २०२२ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच नोंदवले. स्पर्धा परीक्षेतील गुण त्या क्षणाची क्षमता दाखवतात, काही वर्गांना पिढ्यान् पिढ्या मिळालेली सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक अनुकूलता त्यांत दिसत नाही, असा त्या विवेचनाचा आशय होता. आरक्षण हे गुणवत्तेच्या विरोधात उभे करण्याची सवय लागलेल्यांनी तो निकाल मुळातून वाचायला हवा.

परिस्थिती गुण कसे घडवते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे लातूर. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले आणि त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागाचे होते. लातूरच्या मातीत काही जादू आहे असे कोणी म्हणणार नाही. तेथे अनेक वर्षांच्या परिश्रमांतून अभ्यासाची एक शिस्त, सराव परीक्षांची एक यंत्रणा आणि त्याभोवती एक अख्खी अर्थव्यवस्था उभी राहिली. त्या यंत्रणेचा लाभ मिळालेला हुशार मुलगा आणि तो न मिळालेला गडचिरोलीतील किंवा पालघरच्या आदिवासी पाड्यावरील तितकाच हुशार मुलगा यांच्या टक्केवारीत दहा-बारा गुणांचे अंतर पडले, तर ते अंतर दोन मुलांमधील की दोन परिस्थितींमधील?

मराठवाड्याचेच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी महाराष्ट्रात ७०:३० चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन विभागांतील ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना मिळत आणि ३० टक्के जागा राज्यभरासाठी खुल्या असत. मागास भागातील मुलांना आपल्या भागातच जागा मिळावी, असा त्यामागील विचार सांगितला जाई. प्रत्यक्षात मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये कमी आणि पात्र विद्यार्थी अधिक, अशी अवस्था झाल्यावर जे कुंपण रक्षणासाठी घातले होते तेच मुलांना कोंडू लागले. मराठवाड्यातूनच विरोध वाढला आणि सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. तात्पर्य, कालचा न्याय आज अन्याय होऊ शकतो. म्हणून कोणताही निकष एकदा ठरवून देव्हाऱ्यात ठेवता येत नाही. ठरावीक मुदतीने, आकडेवारी समोर ठेवून, त्याची तपासणी व्हायलाच हवी. मात्र ती तपासणी पुढच्या तुकड्यांसाठी असावी, रांगेत उभ्या असलेल्यांसाठी नव्हे.

गुणवत्तेचा कैवार घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे पाहायला हवे. अकरावीच्या प्रक्रियेत अल्पसंख्याक संस्थेच्या महाविद्यालयातील १०० जागांचा २०२५ च्या नियमांप्रमाणे हिशेब मांडला, तर ५० जागा त्या अल्पसंख्याक समाजासाठी, १० संस्थेच्याच शाळेतून येणाऱ्यांसाठी आणि ५ व्यवस्थापन कोट्यातील. राहिल्या ३५. मुंबईतील अनेक मातब्बर महाविद्यालये अल्पसंख्याक संस्थांची आहेत. अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क संविधानाने दिला आहे आणि त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. या महाविद्यालयांत सामाजिक आरक्षण लागू करण्याचा सरकारचा २०२५ मधील प्रयत्न उच्च न्यायालयाने जून महिन्यात स्थगित केला, तोही याच कारणाने. पण संस्थांतर्गत आणि व्यवस्थापन कोट्याचे काय? बालवर्गात ज्याने योग्य शाळेत नाव घातले, त्याला बारा वर्षांनी महाविद्यालयाचे दार आपोआप किलकिले होते. व्यवस्थापनाच्या जागांबद्दल तर बोलायलाच नको. या जागांवर कमी टक्केवारीचा विद्यार्थी बसला, तर ‘गुणवत्तेचा बळी’ गेल्याची हाकाटी होत नाही. ती होते ती जातीच्या आधारे मिळालेल्या जागेबद्दलच. हा दुटप्पीपणा एकदा मोकळेपणाने कबूल करायला हवा.

तरीही हे सारे निकष, कोटे आणि न्यायालयीन निकाल बाजूला ठेवून एक साधा आकडा पाहावा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर एका केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होऊ लागले. २००९ मध्ये मुंबईत ऑनलाइन प्रवेश सुरू होण्यापूर्वी पालकांना एकेका महाविद्यालयाच्या दारात अर्जासाठी ताटकळावे लागे. त्या तुलनेत पारदर्शकता निश्चितच वाढली, जरी २०२५ च्या मे महिन्यात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळाने मान टाकली तरी. त्या वर्षी दहावी उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी होते सुमारे साडेचौदा लाख. अकरावीच्या जागा होत्या २० लाखांहून अधिक. म्हणजे प्रत्येकाला जागा देऊनही लाखो बाके रिकामी राहणार, हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. मग भांडण कशासाठी?

भांडण मूठभर महाविद्यालयांसाठी आहे. जागांचा तुटवडा नाही, विश्वासार्ह जागांचा आहे. प्रत्येक शहरात पालक चार-पाच नावे बोटांवर मोजतात आणि उरलेल्यांना ‘नाइलाज’ समजतात. त्या चार-पाच नावांच्या दाराशी एका गुणासाठी झुंबड उडते आणि दोन किलोमीटरवरील महाविद्यालयात तुकड्या ओस पडतात. त्यातही विज्ञान शाखेच्या अनेक मुलांना महाविद्यालयात पाऊल टाकायचेच नसते. शिकवणीवर्गाशी संगनमत असलेल्या, हजेरीचा आग्रह न धरणाऱ्या महाविद्यालयात नाव नोंदवायचे आणि दोन वर्षे वर्गाच्या इमारतीत काढायची, ही ‘इंटिग्रेटेड’ पद्धत आता गावोगावी पोहोचली आहे. तिला चाप लावण्यासाठी २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तरीही ती पद्धत बंद पडली नाही. जे महाविद्यालय मुलाला शिकवणारच नाही, त्याच्या प्रवेशाचा निकष न्याय्य आहे की नाही, याची चर्चा काय करायची?

मग करायचे काय? पहिली गोष्ट अत्यंत साधी आणि बिनखर्चाची आहे. दहावीच्या ज्या तुकडीला जो प्रवेश नियम लागू होणार, तो ती मुले नववीत असतानाच जाहीर व्हावा आणि त्यानंतर त्यात स्वल्पविरामाचाही बदल होऊ नये. नव्या सरकारला नवी कल्पना सुचली, तर ती दोन वर्षांनंतरच्या मुलांसाठी ठेवावी.

दुसरी गोष्ट थोडी धाडसाची आहे. दशांश चिन्हापुढील आकड्यांना आपण देत असलेले देवत्व काढून घ्यावे. ‘बेस्ट फाइव्ह’ आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण यांच्या आधारे शेकडो मुले शंभराला टेकत असताना ९४ आणि ९४.२० यांत गुणवत्तेचा भेद आहे असे मानणे हे गणिताचेही अज्ञान आहे. ठरावीक पट्ट्यातील सर्व मुलांना समान समजावे आणि त्यांच्यातील निवड घराच्या अंतरावर, शाळेच्या परिस्थितीवर किंवा शेवटी सरळ सोडतीने करावी. सोडत म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण म्हाडाची घरे सोडतीने मिळतात आणि शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागाही सोडतीनेच भरल्या जातात. नशीब लागले नाही म्हणून हळहळणारे पालक असतात, पण आपले मूल कमी लायकीचे ठरले असे त्यांना वाटत नाही. आजची यादीही एका गुणाच्या टोकावर सोडतच असते. फरक एवढाच, की तिच्यात हरलेल्या मुलाला आपण नालायक असल्याचे प्रमाणपत्र मिळते.

तिसरी गोष्ट म्हणजे गुण कुठे मिळवले, याची दखल. ही कल्पना नवी नाही. तामिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळांतील पात्र विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. त्याआधी अशा शाळांतून वैद्यकीय शिक्षणाकडे जाणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी असत. पहिल्याच वर्षी वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय मिळून ही संख्या सुमारे ४०० वर गेली. ‘नीट’ची पात्रता त्यांनाही ओलांडावीच लागली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा वैध ठरवला. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९७ मध्ये वेगळी वाट शोधली. राज्यातील प्रत्येक शाळेत पहिल्या १० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, मग ती शाळा श्रीमंत उपनगरातील असो की गरीब वस्तीतील. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठावर भार पडू लागल्यावर तेथील मर्यादा पुढे खाली आणावी लागली, पण तत्त्व टिकले. आपल्या परिस्थितीत जसेच्या तसे यातील काहीच उचलता येणार नाही. परंतु महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिल्या आलेल्या मुलांना शहरातील सर्वोत्तम महाविद्यालयांत थोड्या जागा हक्काने मिळाव्यात, या विचारात अव्यवहार्य असे काय आहे?

आणि शेवटची गोष्ट, जी सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक. रिकाम्या राहणाऱ्या लाखो जागांकडे सरकारने गुणवत्तेच्या दृष्टीने पाहावे. शिक्षकांची भरती, प्रयोगशाळा, हजेरी आणि निकाल यांची प्रत्येक महाविद्यालयाची माहिती प्रवेशाच्या संकेतस्थळावरच उपलब्ध करावी. पालकांनी पन्नास महाविद्यालयांवर विश्वास ठेवला, तर पाच महाविद्यालयांच्या यादीतील एका गुणाला जीवन-मरणाचे मोल उरणार नाही. प्रवेशाचा निकष कितीही न्याय्य केला तरी तो तुटपुंज्याची वाटणीच करतो. तुटपुंजेपणा संपवण्याचे काम त्याचे नव्हे, ते राज्यकर्त्यांचे आहे.

यादीत मागे राहिलेल्या त्या ९४ टक्केवाल्या मुलीला कदाचित दुसऱ्या फेरीत चांगले महाविद्यालय मिळेल. तिच्यामागे ७२ टक्के मिळवलेला कोणी असेल, ज्याने पहाटे पेपर टाकून, दुपारी शाळा करून आणि रात्री धाकट्या भावंडांना निजवून अभ्यास केला. त्याचे नाव पहिल्या पाच महाविद्यालयांच्या कोणत्याच फेरीत येणार नाही आणि तो न्यायालयातही जाणार नाही. नववीत असताना त्याला नियम सांगितला होता काय, सांगितलेला नियम पाळला काय आणि त्याच्या ७२ मागची पायपीट कोणी मोजली काय, एवढेच तीन प्रश्न प्रत्येक जूनमध्ये शिक्षण खात्याने स्वतःला विचारावेत. त्यांची उत्तरे ‘होय’ येतील, त्या वर्षी यादी कितीवर लागली याला फारसे महत्त्व उरणार नाही.